प्रतीक्षाधीन पतंग

माझ्याकडे कागद हरवत नाही. ही फुशारकी नाही, तपासणी अहवालात पान नऊवर तसे छापून आले आहे: 'अभिलेख कक्षातील कोणताही कागद पाच मिनिटांत उपलब्ध होतो. संबंधित लिपिकाचे काम समाधानकारक आहे.' आता हा संबंधित लिपिक म्हणजे मी, ज्ञानेश विनायक गायधनी, हे त्या अहवालावरून ब्रह्मदेवालाही कळायचे नाही. चोवीस वर्षे मी सरकारचे कागद अ, ब, क आणि ड या वर्गांत लावतो आहे. अ म्हणजे कायमचा जपायचा, ड म्हणजे वर्षभरात रद्दी. इतकी वर्षे दुसऱ्यांची नावे जपली, पण माझे स्वतःचे नाव अ वर्गातल्या एकाही कागदावर नाही. एकदा वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव आले होते, पण ती कारणे दाखवा नोटीस होती, आणि ती ड वर्गात गेली याचे मला समाधान आहे.

हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या नाशिक रोडच्या सोसायटीत अजूनही लोक म्हणतात की गायधनींना किड्याने वेडे केले. किड्याने नाही केले. नावाने केले.

नव्व्याण्णव सालची नागपंचमी. सकाळी दुधाची पिशवी घ्यायला दार उघडले, तर जिन्यातल्या भिंतीवर, आमच्या आणि शेजारच्या वत्सलाबाईंच्या दाराच्या मधोमध एक पतंग बसलेला. दिव्यावर येऊन तेलात पडतात ते पतंग म्हणजे याच्या घरच्या मोलकरणी. मी आत जाऊन माझ्या मुलीची, तृप्तीची पट्टी आणली आणि मोजला. साडेचोवीस सेंटिमीटर, म्हणजे माझी वीत आणि वर दोन बोटे. रंग विटकरी, मधून पांढऱ्या-काळ्या रेघा. चारही पंखांवर एकेक तिकोनी खिडकी, आणि तिच्यातून मागचा ऑइलपेंट स्वच्छ दिसत होता. पुढच्या दोन पंखांची टोके वळलेली, त्यांवर एकेक काळा ठिपका आणि खाली तोंडासारखी रेघ. दोन बाजूंना दोन सापांची डोकी काढावीत तशी.

तेवढ्यात वत्सलाबाई बाहेर आल्या. त्यांच्या हातात नागोबासाठी दूध आणि लाह्या होत्याच.

"अगं बाई! यंदा दारात आला, तोही पंख लावून!" असे म्हणून त्यांनी वाटीतली हळद चिमटीत घेतली.

"वत्सलाबाई, थांबा. नमुना खराब होईल," मी म्हणालो. नमुना हा शब्द माझ्या तोंडून कसा आला हे मला आजही सांगता येणार नाही, पण तो आला आणि तिथून सगळे सुरू झाले.

गलका ऐकून तळमजल्यावरून सेक्रेटरी दिनेश करंजकर वर आले. करंजकर म्हणजे नियमाचा माणूस. सोसायटीच्या आवारात एकच लिंबोणीचे झाड आहे, आणि कुणाला एक लिंबू हवे असेल तर ते वहीत सही घेऊन देतात. त्यांनी पतंगाकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"गायधनी साहेब, जिना सामाईक आहे. सामाईक जागेत आपण चपलांचं कपाटसुद्धा ठेवू देत नाही. हे तर जिवंत आहे."

"मी नाही ठेवलं त्याला."

"मग कुणाच्या नावावर घालू?"

तेव्हा मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "माझ्या घाला."

त्या दिवशी रजा टाकून मी वाचनालयात गेलो. तिथे फुलपाखरांवर एक रंगीत पुस्तक होते. ते मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तपासले. त्यात हा नव्हता. तृप्तीच्या नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकातही नव्हता.

"बाबा, पतंग फुलपाखरांच्या पुस्तकात कसा असेल?" तृप्ती म्हणाली. "ते दोन वेगळे असतात."

"वर्गवारी तू मला शिकवू नकोस," मी म्हणालो.

माझा हिशेब सरळ होता. जी गोष्ट नोंदवहीत नाही ती अस्तित्वात नाही. आणि नोंदवहीत नसून समोर बसलेली आहे, म्हणजे ती नवीन आवक. नवीन आवकेला नाव द्यावे लागते. "नवा जीव सापडला की त्याच्या शास्त्रीय नावात माणसाचं नावही घालतात," असे तृप्ती बोलून गेली, आणि नंतर महिनाभर तिला त्याचा पश्चात्ताप झाला. मी त्याच संध्याकाळी घरात एक नस्ती उघडली. जाड पुठ्ठा, आत पट्टीने आखलेली पाने, आणि वर ठळक अक्षरांत: 'नवीन पतंग. शोधक: ज्ञानेश विनायक गायधनी.' किती तरी वेळ मी ते नुसते वाचत बसलो.

पतंग जेवणाच्या टेबलावर आला, जेवणावर ठेवायच्या जाळीच्या झाकणाखाली.

"आणि भाजीवर काय झाकू?" माझ्या बायकोने, साधनाने विचारले.

"पंचा."

"तुमचा पंचा? भाजीवर?" त्या आठवड्यात घरात रोज दुधीच शिजत होता.

पतंग काही खाईना. मध ठेवला, साखरेचे पाणी ठेवले, पिकलेले केळे ठेवले. त्याने कशालाही तोंड लावले नाही. वत्सलाबाई साबुदाण्याची खिचडी वाटीत घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "श्रावण पाळतोय तो. तुम्हीच बिनउपासाचे, तुम्हाला काय कळणार!" करंजकर रोज ऑफिसला जाण्याआधी वर येऊन दारातून डोकावून विचारायचे, "उपोषण चालू आहे का अजून? मागण्या काय आहेत ते तरी विचारा." मोठ्या कामात माणसाला थोडी चेष्टा सहन करावी लागते असे मी स्वतःला समजावले, आणि रात्रीचे वरण पुन्हा पंच्याखालून काढून घेतले.

आता पुढची पायरी म्हणजे पत्रव्यवहार. मुंबईच्या एका संस्थेला लिहायचे ठरवले. 'विषय: नवीन पतंग सापडल्याबाबत. संदर्भ: निरंक.' सरकारी नोकर असल्यामुळे पत्र साहेबांच्या मार्फत पाठवावे लागते. साहेबांनी चष्मा वर केला.

"कार्यालयीन वेळेत सापडला का?"

"नाही साहेब, सकाळी सहाला."

"मग सरकारी नाही, खाजगी. खाजगी बाबीत बाहेरच्या संस्थेशी पत्रव्यवहार करायचा तर परवानगी लागेल. परवानगीचा अर्ज करा."

मी अर्ज केला. साहेबांनी तो वरिष्ठांकडे पाठवला आणि त्याची स्थळप्रत, म्हणजे कार्यालयात ठेवायची प्रत, माझ्याकडे आली. आमच्याकडे सहा गठ्ठ्यांची पद्धत आहे. ज्या प्रकरणात दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहायची असते ते 'प्रतीक्षाधीन' या गठ्ठ्यात बांधायचे. तो गठ्ठा माझ्याच टेबलावर असतो. मी माझाच अर्ज माझ्याच हाताने त्यात घातला आणि वर लाल फडक्याची गाठ मारली.

वाट पाहण्यात वेळ जाऊ नये म्हणून जंगलवाल्यांच्या कार्यालयात गेलो. तिथल्या फॉर्मवर दोनच रकाने होते, प्राणी आणि पक्षी. "याला पाय किती?" कारकुनाने विचारले. सहा म्हटल्यावर त्याने फॉर्म परत घेतला आणि शेतीवाल्यांकडे जा म्हणाला. शेतीवाल्यांकडचा कारकून माझ्यासारखाच काटेकोर माणूस होता. त्याला पाहून मला बरे वाटले.

"पिकाचं नुकसान करतो का?"

"काहीच खात नाही."

"मग आमच्याकडे कसा येईल? नुकसान करायला लागला की या."

कॉलेजात प्राणिशास्त्राच्या ज्योत्स्ना देवरे मॅडम होत्या, पण त्या पेपर तपासायला बाहेरगावी गेलेल्या. सोमवारी येणार होत्या. म्हणजे पुन्हा वाट पाहणे.

शनिवारी आमच्या ऑफिसचा शिपाई बहिरू अभिलेख कक्षाची किल्ली द्यायला घरी आला. बहिरू सुरगाण्याकडचा, डोंगरातला. टेबलावरची जाळी पाहून तो गालात हसला.

"भाऊसाहेब, ह्ये कुठनं आणलं? आमच्याकडं दर पावसाळ्यात निघतं."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. तरी मी धीर धरून विचारले, "हेच? नक्की? खाणं काय असतं याचं?"

"खाणं? त्याला तोंडच नाय. अळी असतंया तवा खातं, लय खातं. पंख फुटले का खाणं बंद. मग आठ-दहा दिवसाचं काम."

"कसलं काम?"

बहिरूने स्वयंपाकघराकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. "बाई हाय ती. डोक्यावरच्या मिशा बघा, बारीक हायेत. नराच्या रुंद असत्यात. ती नराची वाट बघती. वासावर येतो तो, लय लांबनं येतो. तुम्ही वर जाळी टाकून ठिवलीय."

"तुमच्याकडे काय म्हणतात याला?"

"काय म्हणायचं? त्याला हाक थोडीच मारायचीय!"

तो गेल्यावर मी जाळीसमोर बसलो. खोटे कशाला बोलू, मला फार वाईट वाटले. जिचे आयुष्यच आठ दिवसांचे, तिला मी सहा दिवस प्रतीक्षाधीन करून ठेवले होते, आणि वर केळे देत होतो. त्याच क्षणी जाळी उचलायला हवी होती. पण सोमवार दोनच दिवसांवर होता. बहिरूच्या डोंगरात निघते म्हणजे कुणी नोंद केली आहे असे थोडेच? नोंद आणि माहिती यात फरक आहे, असे मी स्वतःला बजावले. जाळी तशीच राहिली.

सोमवारी मी स्कूटर काढली. मागे तृप्ती बसली, मांडीवर ताट आणि ताटावर जाळी. निघताना वत्सलाबाईंनी जाळीवर झेंडूचे फूल खोवले ते काढायचे राहूनच गेले होते. नाशिकच्या द्वारका चौकातल्या सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने हात जोडले आणि कुठला देव म्हणून विचारले.

"शास्त्रीय नमुना आहे," मी म्हणालो. त्याने पुन्हा हात जोडले.

देवरे मॅडमना तीन सेकंद लागले. मी मोजले. त्यांनी कपाटातून एक जुने पुस्तक काढून पान उघडले, आणि त्या पानावर आमचा पतंग बसलेला होता, खिडक्या आणि सापांच्या डोक्यांसकट.

"ॲटलास पतंग. छान मादी आहे. आमच्या कळवणच्या बाजूलाही मी एकदा पाहिली होती. याला नाव देऊन दोनशे चाळीस वर्षं झाली."

"कुणी दिलं?"

"स्वीडनमधल्या एका शास्त्रज्ञानं."

"तो नाशिकला आला होता?"

"नाही हो."

"मग स्थळपाहणी न करता नोंद केली?"

मॅडम हसल्या. बहुधा माझा चेहरा पडलेला पाहून त्यांना दया आली असावी. त्या म्हणाल्या, "हे बघा, आमच्या संग्रहात नाशिक रोडचा नमुना नाही. ही इथे ठेवून जा. टाचणीखाली चिठ्ठी लावतो आम्ही. ठिकाण, तारीख, आणि कुणाला सापडली त्याचं पूर्ण नाव. पन्नास वर्षांनी कुणी कपाट उघडलं तरी नाव तिथेच असेल."

पूर्ण नाव. पन्नास वर्षे. त्यांनी इवलीशी चिठ्ठी आणि पेन माझ्यापुढे सरकवले. मी 'ज्ञानेश' एवढे लिहिले.

"आणि ही कशी राहील पन्नास वर्षं?" मी विचारले.

"बाटलीत ठेवून मारायची आधी. पाच मिनिटं लागतात."

जाळीत ती पंख हळूहळू हलवत होती. तृप्ती माझ्याकडे बघत नव्हती, खिडकीबाहेर बघत होती.

"मॅडम, असं होईल का? चिठ्ठी तुमच्याकडे आणि पतंग माझ्याकडे?"

"नमुन्याशिवाय चिठ्ठी नसते, गायधनी."

हा नियम बरोबर होता. मीही कुणाला कागदाशिवाय नोंद करू दिली नसती. मी पेनाचे टोपण लावले आणि ताट उचलले. आयुष्यात प्रथमच एक रकाना अर्धा सोडून उठलो, आणि जिना उतरताना दोनदा पायरी चुकलो. तृप्ती म्हणाली, "बाबा, मी चालवू का स्कूटर?" तिला लायसन नव्हते, म्हणून नाही म्हणालो.

घरी पोचतो तो वत्सलाबाई दारातच. डोळे रडून सुजलेले.

"भाऊजी, तुमच्यापासून एक लपवलं मी. नागपंचमीच्या आधी त्र्यंबकहून बेलाचा भारा आणला होता ना, त्यात वाळक्या पानांच्या दोन पुड्या होत्या. एकीतून तुमचा निघाला. दुसरीतून माझा. देवघरात चाळणीखाली ठेवलाय. पण रोज उठून तुमच्याच भिंतीकडे धडका मारतो. मला वाटलं, देव आहे, तुमच्या घरात काही दोष दिसला असेल. त्र्यंबकला जाऊन नागबळी करून घ्या, असं सांगणारच होते तुम्हाला. आज पंख फाटला हो त्याचा!"

आम्ही देवघरात गेलो. तृप्तीने वाकून चाळणीतून पाहिले. मिशा रुंद होत्या.

एका विटेच्या भिंतीच्या अलीकडे मी शास्त्र करत होतो आणि पलीकडे वत्सलाबाई धर्म करत होत्या, आणि सात दिवस ते दोन जीव मध्ये अडकले होते. वत्सलाबाईंनी चाळण आणली, मी जाळी आणली, आणि आमच्या बाल्कनीत दोन्ही झाकणे एकदमच उचलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे साधनाच्या वाळत घातलेल्या साडीवर शेजारी शेजारी बसलेले होते. साधनाने ती साडी दुपारपर्यंत काढली नाही. वत्सलाबाईंनी लांबूनच अक्षता टाकल्या.

तीन दिवसांत दोघेही गेले. मादीने मात्र जाण्यापूर्वी बाल्कनीत पडलेल्या माझ्या नस्तीवर, बरोबर 'शोधक' या शब्दापासून सुरुवात करून, शंभरावर अंडी घातली होती. अजिबात ओळीत नव्हती. ती फुटली आणि अळ्या कठड्यावरून खाली उतरल्या. खाली करंजकरांची लिंबोणी होती.

बहिरूने लय खातं म्हटले होते ते कमीच होते. महिनाभरात त्या अळ्या अंगठ्याहून जाड झाल्या, अंगावर पांढरी पूड, आणि लिंबोणीला नुसत्या काड्या उरल्या. करंजकरांनी सह्यांची वही माझ्यापुढे आपटली.

"ही तुमची पिलावळ! चला, आत्ताच्या आत्ता तक्रार नोंदवा."

आम्ही शेतीवाल्यांकडे गेलो. तोच कारकून. मला पाहून त्याला खरोखरच आनंद झाला.

"नुकसान करायला लागला? बसा, बसा." त्याने नोंदवही उघडली. पीक: लिंबू. क्षेत्र: एक झाड. "किडीचं नाव?"

"ॲटलास पतंग," मी प्रामाणिकपणे सांगितले.

त्याने छापील यादीवरून बोट फिरवले, वरून खाली आणि खालून वर. "यादीत नाही. यादीत नसलेली कीड, निश्चिती होईपर्यंत, कळवणाऱ्याच्या नावानं नोंदवायची अशी आमच्याकडे पद्धत आहे. रकाना रिकामा ठेवता येत नाही. कळवणारे कोण?"

"हे," करंजकर मला पुढे ढकलत म्हणाले.

कारकुनाचे अक्षर फार सुंदर होते. त्याने लिहिले: किडीचे नाव, गायधनी.

चौथ्या दिवशी सोसायटीच्या फळ्यावर शेतीवाल्यांचे परिपत्रक लागले. 'आपल्या परिसरात गायधनी या किडीचा प्रादुर्भाव झाल्याचे समजते. गायधनी हा अत्यंत खादाड असून आढळताच नष्ट करावा. सोमवारी फवारणी करण्यात येईल.' साधना ते वाचून इतकी हसली की तिला जिन्यातच बसावे लागले. मी वरमलो खरा, पण फवारणी या शब्दावर मात्र माझी नजर खिळली. आठवडाभर ज्यांच्या आईला मी कोंडले, त्यांना आता माझ्याच नावाने मारणार होते. हे मला सहन होईना.

शनिवारी मी, तृप्ती आणि वत्सलाबाई, तिघांनी मिळून झाडावरून अळ्या उतरवल्या. चौऱ्याण्णव भरल्या. दोन खोक्यांत पाला घालून त्यात ठेवल्या, झाकणांना भोके पाडली, आणि वर सवयीने पाठवणाऱ्याचे पूर्ण नाव लिहिले. बहिरू गावाला निघाला होता, त्याच्या हातात दिले.

"भाऊसाहेब, एवढी आमच्याकडं कशाला? आमच्याकडं हायेतच की!" तो म्हणाला, पण एसटीत खोकी मांडीवर घेऊन बसला.

सोमवारी पंपवाला आला, झाडाभोवती फिरला आणि अहवाल लिहून गेला: 'स्थळपाहणी केली. गायधनी आढळला नाही.' शेतीवाल्यांची ती किडींची नोंदवही कोणत्या वर्गात जाते हे मी त्या कारकुनाला मुद्दाम विचारून घेतले. अ वर्गात. कायमची. तरीही का कोण जाणे, जेवढा आनंद व्हायला हवा होता तेवढा झाला नाही.

पुढच्या श्रावणात बहिरू रजेवरून परत आला आणि माझ्या टेबलासमोर उभा राहिला.

"भाऊसाहेब, निघाले."

"कोण?"

"गायधनी. आंब्यावर, करंजावर, जिथं बघाल तिथं. पोरं सकाळच्यान झाडाखाली नाचत्यात, गायधनी आले, गायधनी आले करून."

"अरे, पण तूच म्हणाला होतास ना, त्याला हाक कुठं मारायचीय?"

"तुम्ही खोक्यावर लिवलं व्हतं ना. पोरांनी वाचलं. आता सगळं गाव त्याच नावानं हाक मारतं."

मी मान खाली घातली. प्रतीक्षाधीनचा गठ्ठा ओढला, लाल फडके सोडले आणि माझा परवानगीचा अर्ज बाहेर काढला. त्याला अजून उत्तर आलेले नव्हते. मी त्यावर शेरा मारला, 'निकाली', आणि खाली पूर्ण नावाने सही केली.